अभ्यासिकेतले बीएलडीसी पंखे: वॅट खरे निघाले, प्रश्न कार्डाचा आहे

सदाशिव पेठेत मी अभ्यासिका चालवते. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली पहाटे साडेपाचपासून येऊन बसतात आणि रात्री साडेअकराला दिवे मालवताना कुणीतरी "काकू, पाचच मिनिटं" म्हणतंच. पंखे रोज सोळा-सतरा तास फिरतात, आणि होळीच्या आधीपासून दिवाळीपर्यंत त्यांना सुट्टी नसते. हॉलमधले आणि मुलींच्या खोलीतले मिळून अठरा पंखे काढून मी बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे, पंखे लावले. पुण्याचा उन्हाळा, वळीव, श्रावणातली दमट हवा, असं सगळं त्यांनी आता पाहिलेलं आहे, म्हणून हे परीक्षण लिहिते आहे.

निकाल आधीच सांगते. पंखा दिवसाला आठ-दहा तासांच्या वर चालत असेल तर घ्याच. विजेबद्दल खोक्यावर जे छापलंय ते खरं आहे. जे छापलेलं नाही त्याबद्दल मात्र मला बरंच बोलायचं आहे.

मी पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे आकडा दिसला की मोजून बघायची सवय आहे. प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर बाजारात सहज मिळतो. आमच्या वायरमन मामांनी पंख्याच्या वायरीला तीन पिनांचा प्लग जोडून दिला आणि जुना आणि नवा पंखा एकाच हुकाला आळीपाळीने टांगून आम्ही मोजले. जुना अठ्ठेचाळीस इंची पंखा पूर्ण वेगात ७४ वॅट खात होता. नवा २९. खोक्यावर २८ लिहिलं होतं. एका वॅटचा फरक या मीटरच्या अचूकतेत बसून जातो.

खरी गंमत पुढे आहे. पूर्ण वेगावर पंखा आमच्याकडे एप्रिल-मेच्या दुपारीच लागतो, एरवी कागद उडतात म्हणून मुलं तीनवरच ठेवायला सांगतात. रेग्युलेटर तीनवर असताना जुना पंखा चाळिसाच्या आसपास होता. नवा तीनवर ११ आणि एकवर ४. पात्यांचा वेग निम्मा झाला की हवा ढकलायला लागणारी शक्ती एक अष्टमांशावर येते, हे भौतिकशास्त्र दोन्ही पंख्यांना सारखंच. पण साध्या इंडक्शन मोटरचा वेग रेग्युलेटरने कमी केला की वाचायला हवी ती बरीच वीज मोटरमध्येच उष्णता होऊन जाते. बीएलडीसीच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक असतात. तिथे प्रवाह निर्माण करण्यात वीज घालवावी लागत नाही, आणि वेग ठरवतं ते आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड. पंखा बंद करून लगेच मधल्या वाटीला हात लावून बघा. आमचा जुना पंखा दिवसभर चालल्यावर हात ठेवता येणार नाही इतका तापायचा. नवा कोमट लागतो.

हिशोब असा. पूर्ण वेगावर पंख्यामागे ४५ वॅट वाचतात, सोळा तास धरले तर रोज ०.७२ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण २१ ते २२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी दोनशेच्या वर रुपये. साध्या आणि बीएलडीसी पंख्याच्या किमतीत मला हजार-बाराशेचा फरक पडला, तो पूर्ण वेगाच्या हिशोबाने पाच-सहा महिन्यांत आणि तीनवर चालवला तर सात ते नऊ महिन्यांत वसूल होतो. घरगुती वापरात पंखा कमी तास चालतो आणि दरही वेगळा असतो, त्यामुळे तिथे वसुलीला जास्त वेळ लागेल. पण महावितरणच्या बिलात शंभर आणि तीनशे युनिटला दर बदलतो, आणि ज्यांचं बिल नेमकं त्या कडेवर असतं त्यांना दोन-तीन पंख्यांनीसुद्धा फरक पडतो.

गुरुवारचा अनुभव तर पुणेकरांना वेगळा सांगायला नको. दुरुस्तीसाठी वीज गेली की अठरा जुन्या पंख्यांचा भार १,३०० वॅटच्या वर जायचा, त्यासाठी दोन इन्व्हर्टर ठेवावे लागत. आता सगळे पंखे पूर्ण वेगाने चालवले तरी साडेपाचशेच्या आत राहतात. एक इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी मी काढून टाकली. अभ्यासिका, क्लास, दवाखाना चालवणाऱ्यांनी ही बचत बिलाच्या बचतीइतकीच मोजावी.

आवाजाबद्दल लोक फार कमी लिहितात, आणि आमच्यासाठी तोच पहिला मुद्दा आहे. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर जुना पंखा दोन-तीनवर ठेवला की एक बारीक गुणगुण यायची. रात्री नऊनंतर, जेव्हा हॉलमध्ये पानं उलटल्याचाही आवाज येतो, तेव्हा ती डोक्यात बसते. नव्या पंख्यांत ती गेली. पाचवर वाऱ्याचा आवाज मात्र दोन्हींत सारखाच आहे, तिथे फरकाची अपेक्षा ठेवू नका. आमची इमारत जुनी, छत उंच. दुकानात मिळणारा दांडा आखूड पडला आणि सुरुवातीला "काकू, वारा लागत नाही" अशी तक्रार आली. लांब दांडा घालून पंखे खाली घेतल्यावर ती बंद झाली. वारा कमी वाटला तर आधी दांडा तपासा.

रिमोटचा त्रास आहे, तो स्पष्ट लिहिते. एका खोलीत एकाच कंपनीचे चार पंखे असले की रिमोटच्या एका दाबाने दोन-तीन पंखे एकदम वेग बदलतात. खिडकीजवळच्या मुलीला थंडी वाजते म्हणून कमी करावा तर कोपऱ्यातला मुलगा घामाघूम. घरात, खोलीत एकच पंखा असेल तर हा प्रश्नच येत नाही. हॉलसाठी घेणाऱ्यांनी प्रत्येक पंख्याशी वेगळा जोडता येणारा रिमोट किंवा बीएलडीसीसाठीच बनवलेला भिंतीवरचा कंट्रोलर मागावा. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मात्र काढूनच टाकायचा. त्यातून बीएलडीसी चालवायचा नाही.

रिमोटने बंद केलेला पंखा भिंतीवरच्या बटणावर चालूच असतो. माझा मीटर तेव्हा अर्ध्या आणि एक वॅटच्या मध्ये नाचत होता. हा आकडा इतका खाली कसा, याच्यामागे आंतरराष्ट्रीय कामाची एक जुनी गोष्ट आहे. १९९८ मध्ये अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले ॲलन मायर यांनी प्रस्ताव मांडला की बंद ठेवलेल्या उपकरणाने एक वॅटपेक्षा जास्त वीज खाऊच नये. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने तो उचलून धरला. टीव्ही, चार्जर, संगीताची उपकरणं अनेक देशांत विकली जातात, तेव्हा प्रत्येक देशाने वेगळी मर्यादा आणि वेगळी चाचणी लावली तर काहीच हलत नाही. विजेच्या उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने स्टँडबाय, म्हणजे बंद ठेवलेलं उपकरण खातं ती वीज, मोजायची एक पद्धत ठरवून दिली. युरोपीय संघाने बहुतेक घरगुती उपकरणांना २०१० पासून एक वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. सुटे भाग बनवणाऱ्यांनी त्या मर्यादेत बसणारे वीजपुरवठ्याचे सर्किट बनवायला घेतले आणि तेच सर्किट सगळीकडे स्वस्त झाले. वायफायवाला पंखा मी मुद्दाम घेतला नाही, कारण तो सतत नेटवर्कचं ऐकत बसलेला असतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली २००८ पासून काम करणाऱ्या 'फोर-ई' गटाची 'एडना' नावाची एक शाखा नेमकी याच प्रकारच्या उपकरणांवर काम करते आहे. अभ्यासिकेत पंखा मोबाइलवरून चालवायची गरज नाही. ज्यांना ती हौस आहे त्यांनी स्टँडबायचा आकडा विचारून घ्यावा.

पंखा मी निवडला तो लेबलाच्या भरवशावर. ऊर्जा दक्षता ब्युरोचं, म्हणजे बीईईचं, ताऱ्यांचं लेबल २००६ मध्ये सुरू झालं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आणि एसी यांना ते २०१० मध्ये सक्तीचं झालं. छताच्या पंख्याला सक्ती व्हायला १ जानेवारी २०२३ उजाडला. एसी चैन म्हणून घेणाऱ्या घराला तेरा वर्षं आधी माहिती मिळाली आणि पंख्याखाली झोपणाऱ्या घराला नंतर, हे मला अजूनही पटत नाही.

लेबलावरचा महत्त्वाचा आकडा म्हणजे सर्व्हिस व्हॅल्यू. पंख्याखाली ठरलेल्या अंतरावर ठिकठिकाणी वाऱ्याचा वेग मोजतात, त्यावरून मिनिटाला किती घनमीटर हवा खाली आली ते काढतात, आणि त्याला वॅटने भागतात. २०२३ च्या सक्तीच्या वेळच्या तक्त्यात १२०० मिलिमीटरच्या पंख्याला पाच तारे हवे असतील तर हा आकडा किमान ६ लागायचा. त्याच्या आधीच्या तक्त्यात ४ ला पाच तारे मिळायचे, सक्तीच्या तक्त्यात त्या ४ ला एकच तारा उरला. म्हणून गोदामातला जुना माल 'पाच तारे आहेत की, मॅडम' म्हणून कुणी पुढे केला तर तारे मोजू नका, लेबलावरचा कालावधी आणि सर्व्हिस व्हॅल्यू वाचा. माझ्या पंख्यावर हवा २२० घनमीटर लिहिली आहे. मी मोजलेल्या २९ वॅटने भागलं तरी साडेसात येतात. जुन्या ७४ वॅटच्या पंख्याने तेवढीच हवा दिली असं धरलं तरी तो तीनच्या आतच राहतो.

हे लेबल आणि हा पंखा एका देशात, एका कंपनीत तयार झालेले नाहीत. घरगुती उपकरणांची मानकं आणि लेबलं बनवायला देशांना मदत करण्यासाठी १९९९ मध्ये 'क्लास्प' ही संस्था सुरू झाली, तिने बीईईबरोबरही काम केलं. २०१० मध्ये वॉशिंग्टनला ऊर्जामंत्र्यांची पहिली स्वच्छ ऊर्जा परिषद झाली, तिथून 'सीड' हा कार्यक्रम निघाला. नाव सुपर-एफिशियंट उपकरणांवरून पडलेलं, आणि भारत त्यात सुरुवातीपासून आहे. त्याच कामाचा भाग म्हणून २०१२ मध्ये बर्कली प्रयोगशाळेतल्या नकुल साठये, अमोल फडके, निहार शाह आणि विर्जिनी लेटशर्ट यांनी छताच्या पंख्यांचा अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिलं की बीएलडीसी मोटर आणि सुधारलेली पाती यांनी पंख्याची वीज निम्म्याहून कमी करता येते, आणि तीही परवडेल अशा खर्चात.

इकडे पुण्यात 'प्रयास' या संस्थेचा ऊर्जा गट त्याच सुमारास एक साधी गोष्ट सांगत होता. कोट्यवधी गिऱ्हाइकांना एकेक करून अनुदान देत बसू नका. मोजक्या पंखा-उत्पादकांना विकलेल्या दर सुपर-एफिशियंट पंख्यामागे पैसे द्या, म्हणजे दुकानातली किंमतच खाली येईल. बाराव्या पंचवार्षिक योजनेत तो विचार 'सीप' या नावाने आला. ती योजना रेंगाळली याचं वाईट वाटतं, कारण ती वेळेत झाली असती तर आज हजार-बाराशेचा फरक कदाचित उरलाच नसता. एलईडी दिव्याचं उदाहरण समोर आहे: सरकारी घाऊक खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. पंख्यांना ती गती मिळाली नाही. तरी कोइमतूरहून 'सुपरफॅन' हा बीएलडीसी पंखा २०१२ मध्ये बाजारात आला, त्याच वर्षी आयआयटी मुंबईच्या मुलांनी ॲटमबर्ग ही पंख्यांची कंपनी सुरू केली, आणि आज लक्ष्मी रस्त्याच्या आसपासच्या कुठल्याही विजेच्या दुकानात चार-पाच कंपन्यांचे बीएलडीसी टांगलेले दिसतात.

देश एकमेकांकडून शिकताना काय काय सुटतं तेही पंख्यात दिसतं. आपली चाचणी पूर्ण वेगावरची. अमेरिकेच्या चाचणीत कमी वेगाचा आणि स्टँडबायचाही हिशोब धरतात. माझ्या हॉलमध्ये पंखा बहुतेक वेळ तीनवर असतो, म्हणजे माझ्या कामाचा आकडा लेबलावर नाहीच. प्रमाणात पाहिलं तर ४० विरुद्ध ११ हा फरक ७४ विरुद्ध २९ पेक्षा मोठा आहे, तो गिऱ्हाइकाला दिसायला हवा. शिवाय आपण मिनिटाला घनमीटर मोजतो, अमेरिकेत घनफूट. आपला ६ त्यांच्या मापात साधारण २१२ होतो, आणि हे गणित दुकानात कुणी करत बसत नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत अनेक देशांनी मिळून ठरवलं की २०३० पर्यंत विकल्या जाणाऱ्या चार वस्तूंची कार्यक्षमता दुप्पट करायची: दिवे, फ्रीज, एसी आणि कारखान्यातल्या मोटरी. छताचा पंखा त्या यादीत नाही. दक्षिण आशियात आणि आफ्रिकेत उन्हाळ्यावरचा पहिला उपाय पंखा आहे. त्या चारांत तो पाचवा असायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

आता कार्ड. वळवाच्या एका संध्याकाळी विजा कडाडल्या, दिवे दोनदा लुकलुकले आणि मुलींच्या खोलीतले दोन पंखे थांबले ते थांबलेच. वायरमन मामांनी उतरवून उघडून पाहिलं. "बाई, वाइंडिंग ठणठणीत आहे, बेअरिंग नवीन आहे. गेलंय ते कार्ड. ह्यात मला करण्यासारखं काही नाही, कंपनीकडं बघावं लागेल." जुन्या पंख्याचा कॅपॅसिटर मामा खिशातून काढून पाच मिनिटांत बदलायचे आणि वाइंडिंग जळलं तर रविवार पेठेत भरून आणायचे. इथे कंपनीच्या फोनवर तक्रार, मग माणूस, मग 'कार्ड मागवलंय'. ऐन मेमध्ये त्या खोलीत टेबलफॅन लावून मुली बसल्या. एका पंख्याची हमी चालू होती, तो फुकटात झाला. दुसऱ्याच्या मॉडेलचं कार्ड आता बनत नाही असं उत्तर आलं आणि चांगली मोटर, चांगली पाती असलेला पंखा माळ्यावर गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ओळखीतल्या इतर अभ्यासिकावाल्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांबद्दल हेच सांगितलं आहे.

वीज वाचवणारी वस्तू चार वर्षांत भंगारात गेली तर त्या बचतीतला काही हिस्सा परत जातो. तांबं, ॲल्युमिनियम, चुंबक बनवायलाही वीज लागतेच. ताऱ्यांच्या लेबलावर याबद्दल एक अक्षर नाही. आणि शिकायला उदाहरणं आहेत. युरोपीय संघाने २०२१ पासून फ्रीज विकणाऱ्यांवर बंधन घातलंय की मॉडेल बाजारातून गेल्यानंतरही सात वर्षं थर्मोस्टॅट, सेन्सर आणि सर्किट कार्ड दुरुस्ती करणाऱ्यांना मिळालं पाहिजे, तेही मागणी केल्यापासून कामाच्या पंधरा दिवसांत. वॉशिंग मशीनला दहा वर्षं. फ्रान्सने त्याच वर्षी टीव्ही, मोबाइल, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर 'दुरुस्त होण्याजोगी किती' याचे दहापैकी गुण छापायला लावले. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल उघडलं, ही चांगली सुरुवात आहे. पण पंखा घेताना दुकानात समोर दिसतं ते लेबल. तारे, सर्व्हिस व्हॅल्यू, आणि त्याच्या खाली 'कार्ड इतकी वर्षं मिळेल' ही एक ओळ, एवढं बीईईने करावं. चाचणीच्या पद्धती जशा देशादेशांत वाटून घेतल्या तशी ही अटही घेता येईल.

तोवर घेणाऱ्यांनी काय करावं ते सांगते. हमी पंख्यावर किती आणि कार्डावर किती, हे वेगवेगळं विचारा. कधीकधी खोक्यावरचा मोठा आकडा फक्त मोटरचा असतो. कार्डाची आजची किंमत विचारा आणि बिलाच्या मागे दुकानदाराच्या सहीने लिहून घ्या. एकाच मॉडेलचे पंखे एकदम घ्या आणि जास्त पंखे असतील तर दोन कार्डं आधीच घेऊन ठेवा. मेन बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अचानक वाढलेलं व्होल्टेज अडवणारं साधन, बसवा. आमच्याकडे ते बसल्यापासून वळवात एकही कार्ड गेलेलं नाही. आणि व्होल्टेज कमी असलेल्या भागात राहणाऱ्यांसाठी चांगली बातमी अशी की हे पंखे १५०-१६० व्होल्टलाही वेग सोडत नाहीत. आमच्या शिरूरकडच्या घरी, शेतातले पंप सुरू झाले की जुना पंखा रांगायचा, तिथला नवा एकसारखा फिरतो.

वरच्या मजल्यावरची खोली अजून जुन्या पंख्यांवर आहे. दिवाळीत मुलं गावी गेली की तिथलेही बदलणार आहे, आणि दुकानदाराला आधीच सांगून ठेवलंय की पंख्यांच्या खोक्यांबरोबर सुटी कार्डं हातात आल्याशिवाय चेक मिळणार नाही.